रोज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसचं नेट जातंय? राउटर बदलायच्या आधी झोपलेले पीसी बघा

आधी लक्षणं सांगतो, तुमच्याकडे हेच होत असेल तर पुढचं वाचा. रोज साधारण एकाच वेळेला, बहुतेक दुपारच्या सुट्टीत, पहिल्यांदा वायफाय मरतं, मग आयपी फोनवरचा आवाज तुटायला लागतो, मग टॅली म्हणतं सर्व्हर सापडत नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासाने कोणी काहीही न करता सगळं आपोआप सुरू होतं. पीसी हँग होत नाहीत, निळी स्क्रीन येत नाही, इंटरनेटवाल्याच्या डब्यावरचे दिवे पण हिरवे असतात. रात्रीचा बॅकअप एक दिवस होतो, दोन दिवस होत नाही. आणि आयटीवाला पोचेपर्यंत सगळं व्यवस्थित चालू झालेलं असतं, त्यामुळे ज्याने तक्रार केली तोच खोटा पडतो.

आमच्या ठाण्यात वागळे इस्टेटला एक ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, ३८ पीसी, दोन मजले, तिथलं सगळं नेटवर्क मी बघतो. तिथे हे जवळपास दोन महिने चाललं. अकाउंट्सच्या मॅडम डबा जागेवरच खातात, जीएसटीचं काम असतं, महिन्याच्या २० तारखेच्या आसपास तर त्या उठतच नाहीत खुर्चीतून, त्यामुळे सुट्टीत नेट गेलेलं फक्त त्यांनाच कळायचं. रोज फोन, "अहो दादा, परत गेलं बघा." मी कळव्याहून निघणार, पुलावर ट्रॅफिक, पोचेपर्यंत दोन वाजून गेलेले, आणि सगळं ठीक. शेठचं म्हणणं होतं की मॅडमच्या पीसीलाच काहीतरी झालंय. मी पण तेच धरून चाललो, त्यांचा पीसी बदलला, केबल बदलली, मग वायफायचा डबा बदलला कारण आधी वायफाय जायचं, मग राउटर. इंटरनेटवाल्याचा माणूस तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा सगळं ओके म्हणाला, आणि तो बरोबर होता.

सुटलं ते मॅडममुळे. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर रोजची वेळ लिहून ठेवली होती. सोमवार १:२१. बुधवार १:२४. गुरुवार १:२०. शुक्रवार १:२२. मंगळवार कोरा. पुढच्या आठवड्यात पण मंगळवार कोरा, त्याच्या पुढच्या पण. मी ते पान बघितलं आणि तिथेच खाली बसलो. केबल खराब असेल, राउटर गरम होत असेल, तर ते वार बघून होत नाही. हे कोणीतरी माणूस उठून गेल्यावर होतंय, आणि तो माणूस मंगळवारी उठत नाही. सुट्टी एक वाजता होते, वीस मिनिटांनी नेट जातं. वीस मिनिटं म्हणजे पीसीची स्लीपची सेटिंग. नंतर कळलं, डिस्पॅचमधल्या एका मुलाचा मंगळवारचा उपवास असतो, तो सुट्टीत जागेवरच बसून मोबाइल-पीसी बघत असतो, म्हणून त्या दिवशी त्याचा पीसी झोपत नाही.

तुमच्याकडे असं काही असेल तर पहिलं काम हेच करा, वेळ लिहा. कागदावर लिहा, वारासकट. आणि रीस्टार्ट करू नका. मला माहितीय लोक डोक्यावर उभे असतात, शेठ ओरडत असतात, हात आपोआप राउटरच्या बटनाकडे जातो, पण नेटवर्कचा स्विच (ज्या डब्यात सगळ्या पीसींच्या केबल येतात तो) बंद-चालू केला की पुरावा गेला, आणि उद्या परत शून्यापासून.

मग एका बुधवारी मी पावणेएकलाच जाऊन मॅडमच्या शेजारी लॅपटॉप लावून बसलो, केबल थेट स्विचला, वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, दाखवणारा प्रोग्रॅम) चालू. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, साध्या स्विचमध्ये दुसऱ्या दोन पीसींमधलं बोलणं तुमच्या लॅपटॉपला दिसत नाही, त्याला पोर्ट मिरर करावं लागतं, म्हणजे दुसऱ्या पोर्टची नक्कल आपल्या पोर्टवर घ्यावी लागते, पण ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवलेलं) आणि मल्टिकास्ट (एका ग्रुपला पाठवलेलं) सगळ्या पोर्टवर जातं, म्हणून पॅकेटचा पूर येत असेल तर तो कुठल्याही पोर्टला बसून दिसतो. मिरर वगैरेची गरज नाही. एकपर्यंत स्क्रीनवर नेहमीचंच, सेकंदाला वीस-तीस पॅकेट, एआरपी (कुठला आयपी पत्ता कोणाचा ते विचारणारी पॅकेट), प्रिंटरची बडबड. लोक उठले, वीस मिनिटं शांत. एक वाजून एकवीस मिनिटांनी स्क्रीन वाचता येईना, ओळी इतक्या जोरात वर पळायला लागल्या की लॅपटॉपचा पंखा सुरू झाला. थांबवून बघितलं तर सगळी पॅकेट एकसारखी. आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ मधले व्यवस्थेचे निरोप), मल्टिकास्ट लिसनर रिपोर्ट, पाठवणारा एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता), आणि ज्याला पाठवलंय तो मॅक ३३:३३ ने सुरू होणारा. सेकंदाला दहा-अकरा हजार.

मल्टिकास्ट लिसनर रिपोर्ट म्हणजे काय ते थोडक्यात. आयपीव्ही६ मध्ये (नेटवर्कच्या पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) ब्रॉडकास्ट नाहीच, त्याचं काम मल्टिकास्टवर चालतं, आणि प्रत्येक मशीन अधूनमधून सांगतं की मी अमुक ग्रुपचं ऐकतोय. बस एवढंच. एक मशीन हे सहसा सुरू होताना आणि विचारल्यावर सांगतं. इथे एक मशीन तेच वाक्य सेकंदाला अकरा हजार वेळा सांगत होतं.

आता तो मॅक कोणाचा? राउटरचं पान उघडून यादी बघावी तर राउटरचं पान उघडत नव्हतं. रॅकमध्ये जाऊन दिवे बघावेत तर सगळ्या पोर्टचे दिवे एकाच तालात फडफडत होते, कारण पूर सगळीकडून बाहेर पडत होता. मग एकेक केबल काढत गेलो. सतरा नंबरची काढली आणि अख्ख्या रॅकचे दिवे एकदम शांत झाले. मॅडमनी आतूनच आवाज दिला, आलं आलं. केबल परत लावली, परत फडफड. त्या पोर्टच्या दिव्याचा रंग पण वेगळा होता, आमच्या स्विचवर गिगाबिटला हिरवा आणि १० किंवा १०० ला केशरी लागतो, आणि हा केशरी होता. पीसी झोपला की कार्ड वीज वाचवायला स्पीड कमी करतं, म्हणून केशरी.

केबलचा माग काढत डिस्पॅचच्या टेबलाखाली पोचलो, मोबाइलचा टॉर्च लावला. स्क्रीन काळी, पंखा बंद, पॉवरचं बटन सावकाश मिचमिचतंय, म्हणजे पीसी गाढ झोपलेला, आणि मागे केबलच्या खाचेतला छोटा दिवा इतक्या वेगात चमकतोय की सलग पेटल्यासारखा वाटत होता. बंद मशीन ऑफिसचं नेट पाडतंय हे समोर दिसल्याशिवाय मी पण मानलं नसतं. माउस हलवला, पीसी उठला, दिवा शांत. हातानेच स्टार्टमधून स्लीपला टाकला, आणि सात-आठ सेकंदांनी परत पूर.

झोपलेला पीसी पॅकेट कसं पाठवतो, हा प्रश्न मला शेठनी पण विचारला, आणि तो बरोबर प्रश्न आहे. पीसी झोपला तरी नेटवर्क कार्डाला मदरबोर्डवरून थोडी वीज मिळत राहते. कार्डाला जागं राहून एक खास पॅकेट ऐकायचं असतं, ज्याला मॅजिक पॅकेट म्हणतात, सहा बाइट ज्यांतले सगळे बिट एक, आणि मग त्याच कार्डाचा मॅक पत्ता सोळा वेळा, मिळून १०२ बाइट, ते आलं की पीसी उठवायचा. त्याच्या जोडीला विंडोज झोपायच्या आधी कार्डाला सांगून जातं की मी नसताना कोणी माझा पत्ता विचारला तर तूच उत्तर दे, आयपीव्ही४ साठी एआरपी ऑफलोड, आयपीव्ही६ साठी एनएस ऑफलोड. म्हणजे झोपेत कारभार विंडोजकडे नसतो, कार्डातल्या फर्मवेअरकडे (कार्डाच्या आतला छोटा प्रोग्रॅम) असतो, आणि त्याला काय काम सोपवायचं ते ड्रायव्हर (विंडोज आणि कार्ड यांना जोडणारा प्रोग्रॅम) ठरवतो. आमच्या केसमध्ये ड्रायव्हर कित्येक वर्षं जुना होता आणि त्यात हीच चूक होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी नवीन ड्रायव्हरमध्ये दुरुस्त केलंय आणि माझ्याकडचं मशीन जुनं होतं ही आमची जबाबदारी आहे.

वायफाय आधी का मरतं हे पण सांगतो, कारण सगळे इथेच फसतात आणि वायफायचा डबा बदलतात, मी पण बदलला. एक रिपोर्ट इथरनेटवर ९० बाइटचा होतो, पुढचीमागची मोकळी जागा धरून ११०, म्हणजे १० एमबीपीएसची लिंक पूर्ण भरली तर सेकंदाला ११ हजारांच्या थोडी वर पॅकेट. गिगाबिटच्या पीसीला १० एमबीपीएस म्हणजे काहीच नाही. पण वायफायवर मल्टिकास्ट सगळ्यात कमी स्पीडने पाठवतात, कारण लांबच्या मोबाइलला पण ते ऐकू यायला हवं, २.४ गिगाहर्ट्झवर तो स्पीड कित्येकदा १ एमबीपीएस असतो. दहाचं पाणी एकच्या नळीत. वायफाय बसणारच. मग आयपी फोन, त्यांच्यातला प्रोसेसर लहान, त्याला हजारो पॅकेट हाताळायला लावली की आवाज तुटतो. आणि वरच्या मजल्यावर एक मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच होता, त्यात एमएलडी स्नूपिंग चालू होतं, म्हणजे असा प्रत्येक रिपोर्ट स्विच स्वतःच्या प्रोसेसरने वाचतो, त्यामुळे पूर आला की त्या स्विचचं लॉगिन पान पण उघडायचं नाही. स्विचांमध्ये चांगला महाग स्विचच आधी आडवा झाला. याचा अर्थ स्विच खराब नाही.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त काळजीची वाटते. पहिल्यांदा आयसीएमपीव्ही६ चा पूर दिसला तेव्हा माझ्या मनात आलं की कोणीतरी मुद्दाम करतंय, ऑफिसमध्ये कोणीतरी व्हायरसवाली पेनड्राइव्ह लावली. ही भीती उगाच नाही. विंडोजमध्ये नेटवर्कचे ड्रायव्हर दोन थरांत असतात, एक कार्डाचा ड्रायव्हर, जो कार्ड बनवणारी कंपनी देते, आणि त्याच्या वर विंडोजचा स्वतःचा टीसीपीआयपी डॉट सिस, जो प्रत्येक येणारं पॅकेट उघडून बघतो. दोन्ही कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) चालतात, म्हणून चूक कुठेही असली तरी एक प्रोग्रॅम बंद पडत नाही, अख्खं मशीन पडू शकतं. आणि वरच्या ड्रायव्हरमध्ये आयपीव्ही६ वरून मशीन पाडता येण्याच्या चुका परत परत निघाल्यात. ऑगस्ट २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस१३-०६५ नावाचं सुरक्षा अपडेट काढलं, खास बनवलेल्या आयसीएमपीव्ही६ पॅकेटने विंडोज उत्तर द्यायचं बंद करत होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये एमएस१४-००६, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ साठी, त्यात हल्ला करणारा त्याच सबनेटमध्ये असला पाहिजे अशी अट होती, म्हणजे ऑफिसच्या आतलाच.

ऑक्टोबर २०२० चं सीव्हीई-२०२०-१६८९८ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षेच्या चुकीचा नंबर) तर समजून घेण्यासारखं आहे, त्याला बॅड नेबर म्हणतात. राउटर जेव्हा आयपीव्ही६ ची जाहिरात पाठवतो त्यात डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे) पत्ते पण देऊ शकतो, त्या भागाची लांबी आठ-आठ बाइटच्या मापात लिहितात. सुरुवातीचा भाग एक माप, प्रत्येक पत्ता सोळा बाइटचा म्हणजे दोन मापं. एक अधिक दोन, अधिक दोन, म्हणजे बेरीज कायम विषमच येणार, तीन, पाच, सात. पाठवणाऱ्याने मुद्दाम सम आकडा लिहिला तर तपासून पॅकेट फेकून द्यायला हवं होतं, विंडोज ते फेकत नव्हतं, आठ बाइटने पाऊल चुकायचं आणि पुढचं सगळं चुकीचं वाचलं जायचं. एक पॅकेट, आणि निळी स्क्रीन. मग फेब्रुवारी २०२१ चं सीव्हीई-२०२१-२४०८६, तुकडे केलेली आयपीव्ही६ पॅकेट परत जोडताना मशीन क्रॅश. आणि ऑगस्ट २०२४ चं सीव्हीई-२०२४-३८०६३, ज्याला दहापैकी ९.८ गंभीरता दिली होती, कोणी काही क्लिक करायची गरज नाही, आणि ज्या कुनलुन लॅबच्या संशोधकाने ते शोधलं त्यानेच सांगितलं की विंडोजच्या आतल्या फायरवॉलमध्ये आयपीव्ही६ अडवून उपयोग नाही, कारण चूक त्याच्या आधीच घडते.

म्हणून तुमच्या ऑफिसमध्ये पूर आहे की क्रॅश आहे हे आधी वेगळं करा, दोघांचे उपाय वेगळे. मशीन चालू आहे, माउस हलतोय, फक्त नेट नाही, आणि एकाच वेळी सगळ्यांचंच नेट गेलंय, तर पूर. मशीन निळी स्क्रीन दाखवून रीस्टार्ट होतंय, तर क्रॅश, मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या लॉगमध्ये १००१ नंबरची बगचेकची, म्हणजे निळ्या स्क्रीनची, नोंद शोधा, आणि विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप म्हणून फोल्डर असतो, त्यातली फाइल जपून ठेवा. निळ्या स्क्रीनवर टीसीपीआयपी डॉट सिस लिहिलेलं दिसलं तर लगेच हल्ला झाला असं समजू नका, खालचा कार्डाचा ड्रायव्हर मेमरी खराब करतो आणि नाव वरच्याचं येतं असं पण होतं. पण तीन-चार मशीन एकाच मिनिटाला निळी झाली तर मात्र लॅपटॉप लावून पॅकेट पकडा, तो योगायोग नसतो.

झोपेवर संशय असेल तर त्याच सिस्टीम लॉगमध्ये कर्नल-पॉवरची ४२ नंबरची नोंद बघा, पीसी स्लीपला गेल्याची वेळ त्यात असते, आणि उठल्याची नोंद पॉवर-ट्रबलशूटरच्या नावाने १ नंबरची. डिस्पॅचच्या पीसीवर ४२ ची वेळ आणि मॅडमच्या वहीतली वेळ शेजारी ठेवून बघितली, मिनिटाला मिनिट जुळली. ते पान मी शेठना नेऊन दाखवलं. मॅडमना दोन महिने कोणी खरं मानलं नव्हतं, हे मला आजही बरोबर वाटत नाही.

दुरुस्तीचं सांगतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, तिथे तारीख आणि व्हर्जन असतं, आधी त्याचा फोटो काढा. नवीन ड्रायव्हर पीसीच्या कंपनीच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, ते सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देणारे फुकटचे पॅक वापरू नका, त्यात कुठला ड्रायव्हर कुठून येईल सांगता येत नाही. विंडोज अपडेट केलं म्हणजे हा ड्रायव्हर पण नवा झाला असं धरू नका, आमच्या त्या पीसीवर विंडोजचे सगळे पॅच होते, वरचा थर एकदम ताजा आणि खालचा कित्येक वर्षांपूर्वीचा. कार्डाचे ड्रायव्हर बऱ्याचदा ऑप्शनल अपडेट्समध्ये पडून राहतात, तिकडे कोणी जात नाही.

टाकून झाल्यावर रीस्टार्ट करा. शट डाउन करून परत चालू करू नका, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये कर्नल पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर साठवून ठेवला जातो, रीस्टार्टमध्ये खरोखर नवीन सुरू होतो. आणि एकदा पॉवरची केबल काढून बटन दहा सेकंद दाबून धरा, कारण पीसी बंद असला तरी केबल लागलेली आहे तोवर कार्डाला वीज मिळत असते आणि फर्मवेअर जुन्याच अवस्थेत राहू शकतं. केबल काढल्याशिवाय बरं होत नाही असं कार्डांच्या बाबतीत खरंच होतं, २०१३ मध्ये क्रिस्टियन कीलहॉफनर नावाच्या इंजिनियरने इंटेलच्या ८२५७४एल कार्डाबद्दल लिहिलं होतं, पॅकेटमध्ये ठरावीक जागी ठरावीक बाइट आला की कार्ड पूर्ण मरायचं, आणि रीबूट करून नाही तर वीज तोडूनच परत यायचं. इंटेलने नंतर सांगितलं की एका मदरबोर्ड उत्पादकाने कार्डाच्या मेमरीत चुकीची माहिती भरली होती.

मग तपासा, आणि ऑफिसच्या नेटवर्कवर तपासू नका. एक पाच पोर्टचा छोटा स्विच घ्या, त्यात फक्त तो पीसी आणि तुमचा लॅपटॉप, वायरशार्क लावा, पीसी हाताने झोपवा, पंधरा मिनिटं थांबा. आम्ही आधी जुन्या ड्रायव्हरने केलं, पूर आला, मग नवीन टाकून केलं, काहीच नाही, मग मॅजिक पॅकेट पाठवून बघितलं, पीसी उठला. हे तिन्ही केल्याशिवाय झालं म्हणू नका.

ड्रायव्हर मिळतच नसेल, कार्ड फारच जुनं असेल, तर त्या पीसीची स्लीप नेव्हर करा, किंवा कार्डाच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये एनएस ऑफलोड बंद करून बघा, कुठल्या कार्डात ते पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये असतं. आयपीव्ही६ ची टिक काढून टाका हा सल्ला सगळीकडे मिळेल, मी देणार नाही. विंडोज व्हिस्टापासून आयपीव्ही६ विंडोजचा अविभाज्य भाग आहे, मायक्रोसॉफ्ट स्वतः ते बंद करू नका म्हणतं, आयपीव्ही४ ला आधी पसंती द्यायची रजिस्ट्रीची सेटिंग त्यांनी दिलेली आहे, ती वापरा. ऑगस्ट २०२४ सारखा प्रसंग आला आणि पॅच टाकायला दोन दिवस लागणार असतील तर तात्पुरती टिक काढणं वेगळं. पण कायमची काढून विसरून जाणं आणि पॅच पण न टाकणं, हे मी वागळेत आणि महापेत इतक्या ठिकाणी बघितलंय की आता नवीन ऑफिस हातात घेतलं की पहिलं तेच बघतो.

आता परत का आलं ते. पहिल्या वेळी मी डिस्पॅचचा एकच पीसी दुरुस्त केला आणि निघालो. तीन आठवडे शांत. मग मॅडमचा फोन, वेळ सहा चाळीस संध्याकाळची, दुसऱ्या दिवशी सहा बेचाळीस. बघितलं तर त्याच बॅचचे सहा पीसी होते, सेकंडहँड घेतलेले, सगळ्यांत तोच जुना ड्रायव्हर, पण बाकीच्या पाचांवर लोकांनी कधीतरी स्लीप बंद करून ठेवली होती म्हणून ते गप्प होते. त्यातल्या एकाची हार्डडिस्क गेली, ऑफिसच्या काकांनी ड्रॉवरमधली पेनड्राइव्ह काढून दिली, एका मुलाने त्यावरून विंडोज टाकलं. ती विक्रेत्याने दिलेली तयार इमेज (ड्रायव्हर आणि सेटिंगसकट विंडोजची प्रत), त्यात जुना ड्रायव्हर आणि वीस मिनिटांची स्लीप दोन्ही. म्हणजे चूक त्या पीसीत नव्हतीच, पेनड्राइव्हमध्ये होती, आणि जितक्या वेळा कोणी ती वापरेल तितक्या वेळा परत येणार होती. ती पेनड्राइव्ह मी तिथेच फॉरमॅट केली, नवीन इमेज बनवली, तारीख लिहून चिकटवली, आणि सहाही पीसी एकेक करून छोट्या स्विचवर तपासले.

स्विचवर पण काम केलं. मॅनेज्ड स्विचमध्ये स्टॉर्म कंट्रोल असतं, प्रत्येक पोर्टवर मल्टिकास्ट आणि ब्रॉडकास्टला मर्यादा घालता येते, ती घातली, आता एखादं कार्ड वेडं झालं तर तो एकच पोर्ट गुदमरेल, ऑफिस नाही. सुरुवातीला मर्यादा सैल ठेवा, खूप आवळली तर पत्ता विचारणारी साधी पॅकेट पण अडतात आणि नवीनच गोंधळ होतो. त्याच स्विचवर आरए गार्ड दिसला तर चालू करा, राउटरची जाहिरात फक्त राउटरच्या पोर्टवरूनच येऊ देतो, बॅड नेबरसारखं पॅकेट एखाद्या पीसीवरून आलं तर तिथेच थांबतं. खालच्या मजल्यावरचे साधे स्विच यातलं काही करत नाहीत. डिस्पॅचचा स्विच बदलून घेतला, बाकीचे पुढच्या वर्षी म्हणाले शेठ.

एक गोष्ट अजून बाकी आहे. ते सहा पीसी चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचे, विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. खालचा ड्रायव्हर आता नीट आहे, पण उद्या टीसीपीआयपी डॉट सिसमध्ये २०२४ सारखं काही निघालं तर जादा सपोर्टची नोंदणी केल्याशिवाय त्यांना पॅच येणार नाही. शेठना लेखी दिलंय. तोवर ते सहाही वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) टाकलेत, मॅडमचा पीसी आणि टॅलीचा सर्व्हर दुसऱ्यात.